नावांसकट

थोरलीने तक्रार केली होती ती कौतुक व्हावं म्हणून. वडिलांकडे रविवारची जेवणं उरकली होती, धाकटी भांडी घासत होती, म्हणजे नळ सोडून फोनवर खिदळत होती, आणि थोरली वडिलांना सांगत होती की घरातल्या जुन्या फोटोंनी तिचं इंटरनेटवरचं खातं पार भरून गेलंय. रोज उठून तीच सूचना, जागा संपली, जागा संपली. यावर वडिलांनी फक्त म्हणायचं होतं, "किती करतेस गं एकटी." बस. याहून जास्त मागणं नव्हतं तिचं.

वडील म्हणाले, "मग धाकटीच्या खात्यात हलव की. तिचं रिकामंच असतं."

नळ बंद झाला. धाकटीने स्वयंपाकघराच्या दारातून मान बाहेर काढली. "चालेल की! पाठव ताई."

चालेल की! शेजारणीने वाटीभर साखर देऊ केल्यासारखं.

आता हे फोटो म्हणजे काय, ते आधी ऐका. आई गेली तेव्हा थोरली दहावीत होती आणि धाकटी अजून उजवी चप्पल डाव्या पायात घालत होती. आईमागे राहिले ते बुटांच्या खोक्यांत कोंबलेले फोटो. काही एकमेकांना चिकटलेले, काहींच्या पाठीवर आईचं अक्षर, बऱ्याचशांवर काहीच नाही. थोरलीने पुढे नोकरी, लग्न, मुलं सांभाळून ते एकेक सोडवले, पुसले, स्कॅन केले, आपल्या खात्यात चढवले आणि प्रत्येकाखाली लिहिलं: कोण, कुठे, कुठलं साल. ती रुग्णालयातल्या औषधांच्या खिडकीत काम करते. चिठ्ठी नसलेली बाटली तिला बघवतच नाही. घरातला प्रत्येक डबा नाव लावून बसलेला. नवरा म्हणायचा, "एक दिवस माझ्याही कपाळावर चिकटवशील. नवरा, जेवणानंतर एक."

आणि धाकटी? धाकटी केस कापायच्या दुकानात कामाला. लग्न मोडून वडिलांकडे राहायला आली ती दोन बॅगा आणि एक कात्र्यांची पेटी घेऊन. चाव्या हरवायच्या, दूध उतू घालवायचं, आणि वर वडिलांच्या गळ्यात पडायचं. "अरे बाबा, चिडतोस काय!" म्हणे. अरे बाबा! थोरली आजन्म 'अहो बाबा, तुम्ही' म्हणत आली. तिला कोणी तसं शिकवलं नव्हतं आणि धाकटीला कोणी अडवलं नव्हतं. तो एक 'अरे' थोरली किती वर्षं मोजत आली होती, ते तिचं तिलाच माहीत.

घरी पोचेपर्यंत तिने कसंबसं आवरलं. जिन्यात मात्र बांध फुटला.

"मी मरमर मरायचं आणि त्या महाराणीने आयतं घ्यायचं! एक तरी फोटो पुसलाय का तिने?"

"अगं, फोटो तुझ्याकडेही राहतीलच ना?" नवरा म्हणाला.

"प्रश्न फोटोंचा नाहीये!"

"मग कशाचा आहे?"

हे मात्र तिला सांगता येईना. म्हणजे माहीत होतं. वडिलांनी सगळ्यांदेखत ते धाकटीला देऊन टाकले होते, आणि देताना थोरलीकडे बघितलंही नव्हतं. पण असं तोंडाने म्हणायचं कसं? बाई दोन लेकरांची आई, केस पिकायला लागलेले. हेवा वाटतो म्हणायला लाज वाटते, पण म्हणून तो वाटायचा राहतो थोडाच.

दुसऱ्या दिवशी कामावरून आल्यावर ती संगणकापुढे बसली. एका खात्यातून दुसऱ्या खात्यात फोटो पाठवायची सोय तशी सरळ असते. धाकटीचा पत्ता टाकला. सगळे फोटो निवडले. खाली एक चौकोन होता, 'फोटोंखालचा मजकूर आणि तारखा सोबत न्या', आणि त्यात आधीच बरोबरची खूण होती. थोरलीने त्या चौकोनावर बाण नेला आणि खूण काढून टाकली. चुकून नाही, हं. चांगली डोळे उघडे ठेवून. फोटो मागितलेत ना, घ्या फोटो. नावं माझी आहेत. तोंडं बघत बस म्हणावं, कोण मामा आणि कोण मामाचा शेजारी ते ओळख आता. मग पाठवायचं बटण दाबलं आणि बऱ्याच दिवसांनी ती पोटभर जेवली.

धाकटीचा फोन येणार, रडवेल्या आवाजात विचारणार, "ताई, यातलं कोण कोण आहे गं?" आणि मग आपण जरा आढेवेढे घेऊन सांगू, असा तिचा हिशेब होता. फोन काही आला नाही. आठवडा गेला. शेवटी तिनेच लावला.

"मिळाले का फोटो?"

"मिळाले की! अगं ताई, खालचं लिहिलेलं काहीच आलं नाही."

"हो का?" थोरली म्हणाली. "होतं असं कधीकधी."

"पण काही बिघडलं नाही. बाबाच सांगतो ना. मी दुकानातून आले की आम्ही रोज बसतो. काय धमाल येते माहितेय? काल तर जेवायचंच विसरलो. बाबाला इतकं बोलताना मी कधी बघितलं नव्हतं. बरं ठेवते, तो हाका मारतोय."

बाबा हाका मारतायत. तिला. रोज. थोरलीच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

तिसऱ्या दिवशी काहीतरी निमित्त काढून ती वडिलांकडे गेली. दार नुसतं लोटलेलं होतं. आत शिरली, चपला काढल्या, आणि बैठकीच्या खोलीतून वडिलांचा आवाज आला तशी पॅसेजमध्येच थांबली. वडील आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त करायचे. माणूस मितभाषी. घरी आले की हात धुवायचे, पेपर घ्यायचे, हं आणि बरं यापलीकडे जायचे नाहीत. तेच आज घडाघडा बोलत होते.

"ही तुझी आई. मागे आहे ना, ती तिच्या ऑफिसची इमारत. तिथली लिफ्ट माझ्याकडे होती. आता तुला खरं सांगतो, त्या लिफ्टला काही झालेलं नव्हतं. मीच एक स्क्रू ढिला ठेवायचो. म्हणजे परत बोलावणं येणार."

"अरे लबाडा!"

"ऐक तर. एक दिवस नको तेवढा ढिला राहिला. लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे अडकली आणि आत कोण? हीच. मी वरून फटीतून डोकावतोय, मला हिची फक्त पिन लावलेली वेणी दिसतेय. म्हटलं, घाबरू नका, मी आहे. तर खालून आवाज आला, तुम्ही आहात म्हणूनच घाबरलेय, महिन्याभरात चौथ्यांदा आलात!"

दोघं इतकी हसली की वडिलांना ठसका लागला. धाकटीने त्यांच्या पाठीवर थापट्या मारल्या त्या थोरलीला बाहेर ऐकू आल्या.

ह्या फोटोखाली थोरलीने लिहिलं होतं, 'आई, ऑफिससमोर, लग्नाआधी.' बरोबरच होतं ते. पण स्क्रूचं तिला माहीत नव्हतं. तिला! आईचं आजारपण जिने काढलं, धाकटीच्या वेण्या जिने घातल्या, तिला नाही, आणि हिला मात्र बसल्या जागी! आणि का माहीत नव्हतं तेही तिला त्याच क्षणी आठवलं, ते जास्त वाईट. फोटो चढवत होती तेव्हा एकदा वडील खुर्ची ओढून शेजारी बसले होते. "हे बघ, ह्याची एक गंमत आहे," असं सुरूही केलं होतं. तिने कीबोर्डवरची बोटं न काढता म्हटलं होतं, "बाबा, फक्त नाव आणि साल सांगा, अजून चार खोकी राहिलीत." वडिलांनी नाव सांगितलं, साल सांगितलं आणि खुर्ची जागेवर नेऊन ठेवली होती.

एखादी शहाणी बाई आत गेली असती आणि त्या दोघांच्या मधे जागा करून बसली असती. थोरलीने चपला घातल्या आणि ती घरी आली. सबंध रस्ताभर एकच विचार, हे बंद झालं पाहिजे. आणि बंद कसं करायचं ते तर तिच्याच हातात होतं.

तिने परत सगळे फोटो निवडले. या वेळी चौकोनातली खूण तशीच राहू दिली. नावं, साल, जागा, सगळं सगळं पाठवलं आणि धाकटीला निरोप टाकला. 'जमलं. आधीचे काढून टाक, हे नावांसकट आहेत. आता बाबांना त्रास द्यायला नको.'

उत्तर आलं ते धाकटीचं नाही, वडिलांचं स्वतःचं, आणि ते तर कधी निरोप पाठवत नसत. 'छान काम केलेस.' थोरलीने ते नवऱ्याला दाखवलं, मुलांना दाखवलं. औषधांच्या खिडकीतल्या जोडीदारणीलाही दाखवलं असतं, पण तिने स्वतःला आवरलं.

मग एका संध्याकाळी धाकटीचा फोन आला. आवाज नेहमीचा नव्हता.

"ताई, तू हे नावांचं कशाला पाठवलंस गं?"

"कशाला म्हणजे? घरचं काम अर्धवट ठेवू?"

"बाबा बसतच नाही आता. परवा एक फोटो उघडला. तो सांगत होता, हे आम्ही सगळे लिफ्टच्या कंपनीतर्फे समुद्रावर गेलो होतो तेव्हाचं, तिथे एकाची विजार वाहून गेली. मी हसत होते, त्याचं लक्ष खाली गेलं. तू लिहिलंयस धरण. मग थांबला. म्हणाला, धरणच असेल, ताईने लिहिलंय म्हणजे तसंच असणार. म्हटलं मरू दे ना, विजारीचं सांग. तर म्हणतो, मला आता नीट आठवत नाही. उगाच काहीतरी सांगायचो तुला. उठला आणि टीव्ही लावला. तेव्हापासून तेच."

"अगं, पण..."

"पण काय, ताई? मला आई आठवत नाही. मला तीच हवी होती, विजारीबिजारीसकट. तुझी सालं घेऊन मी काय करू?" आणि धाकटीने फोन ठेवला. एरवी ती तीनदा 'ठेवते हं' म्हटल्याशिवाय ठेवत नसे.

त्या धरणाच्या फोटोच्या पाठीवर काही लिहिलेलं नव्हतं. मागे पाणी दिसलं, कडेला दगडी भिंत दिसली, म्हणून थोरलीने अंदाजाने धरण लिहिलं होतं. कोणाला विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिने अर्धा दिवस सुट्टी काढली. धाकटी दुकानात असणार ही वेळ तिने मुद्दाम निवडली, कारण खरं सांगायचं तर हेवा अजून गेला नव्हता. उलट आता तर जास्तच होता. तिला ते स्वतःला हवं होतं. त्या खुर्चीत आपण बसावं, बाबांनी 'ऐक तर' म्हणावं, आणि आपल्याला हसून हसून ठसका लागावा. एकदाच, धाकटी नसताना.

वडील टीव्हीपुढे होते. आवाज बंद, चित्र चालू. थोरलीने टीव्ही बंद केला, फोटो उघडून आपला टॅबलेट त्यांच्या मांडीवर ठेवला आणि खुर्ची अगदी लागून घेतली.

"बाबा, मला सांगा ना फोटोंचं."

"तुला काय सांगायचं? तुला सगळं ठाऊक आहे."

"नाही हो. बऱ्याच ठिकाणी मी नुसता अंदाज केलाय. ते धरण नाहीये, समुद्र आहे. तुमचंच बरोबर होतं."

"छे छे," वडील हसले. समजूत घालायचं हसू होतं ते. "माझं काय, वय झालं. तू औषधं देतेस माणसांना. तुझं चुकून कसं चालेल?"

थोरलीने घाईघाईने फोटो पुढे सरकवले. एकावर थांबली. आई खिडकीत बसलेली, डोकं मागे टाकून हसतेय, आणि कॅमेऱ्याकडे बोट दाखवतेय. फोटो काढणारे बाबाच असणार.

"हा सांगा. आई एवढी का हसतेय? तुम्ही काय म्हणालात तिला?" तिने त्यांच्या सदऱ्याची बाही धरली. "सांग ना, बाबा."

आयुष्यात पहिल्यांदा तिच्या तोंडून 'सांग' गेलं. तिच्या ते लक्षात आलं. वडिलांच्या आलं की नाही कोण जाणे. त्यांनी खिशातून चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, नाकावर ठेवला. बराच वेळ फोटोकडे बघितलं. ओठ हलले, काहीतरी येतंय असं थोरलीला वाटलं आणि ती पुढे वाकली. मग त्यांची नजर खाली उतरली आणि त्यांनी शाळेतल्या मुलासारखं एकेक अक्षर बोटाने धरत वाचलं.

"आई. जुन्या घराची खिडकी. उन्हाळा."

"ते नाही हो..."

"बरोबर लिहिलंयस," वडील म्हणाले, आणि त्यांनी चष्मा काढून घडी करून खिशात ठेवला.