बंदराबाहेरची सवाष्ण

मलायातल्या पिनांगहून मद्रासला येणाऱ्या जहाजावर मी बायकांच्या डेकची आया होते. माझे यजमान मद्रासला मैलापुरात अंथरुणाला खिळलेले, म्हणून छप्पन्न साली ही नोकरी धरली. त्यांच्यासाठी माझा एक नेम होता. तिन्हीसांजेला एका सवाष्णीला हळदीकुंकू लावून तिची ओटी भरायची, मगच जेवायचं. समुद्रावरही तो मोडला नाही. सवाष्णींना तिथे काय तोटा!

डेकचं तिकीट काढलेल्या बाया वर चढल्या की धावत चटया पसरून जागा धरत. पण डाव्या कठड्याजवळची एक जागा मोकळीच राही. नवऱ्यानं माहेरी परत धाडलेली एक बाई मागच्या वर्षी तिथूनच पाण्यात गेली होती, मद्रासचं लाइटहाऊस दिसू लागल्यावर. ती जागा उन्हातही ओली असे. खलाशी म्हणत, खारी हवा. मी मात्र रामनाम घेत वळसा घालून जाई.

या खेपेला हेमावती उशिरा चढली आणि नेमकी तिथेच चटई पसरून बसली. आमच्या तंजावरकडचीच पोर, विशीची. तिलाही नवऱ्यानं परत धाडलं होतं.

"ऊठ गं बाळ, माझ्या खोलीजवळ ये," मी म्हटलं.

"नको अक्का. शेजारच्या अक्का बऱ्या आहेत. फार बोलत नाहीत."

शेजारी कोणी नव्हतं.

मद्रास दिसलं त्या संध्याकाळी धक्का रिकामा नव्हता. जहाजानं बंदराबाहेर नांगर टाकला, सकाळी आत घेणार म्हणे. बायका बांधलेल्या गाठोड्यांवर चिडून बसल्या. डेकचा स्वयंपाकी नागोजी मला ओटीचे तांदूळ द्यायला आला तो हसतच.

"आयाम्मा, तुमचा नेम चुकेल म्हणून थांबवलं का जहाज? आज उपासच करा की. माझी डाळ वाचेल."

"तुझ्या डाळीत पाणीच असतं, नागोजी. ते समुद्रात भरपूर आहे."

हेमावतीनं मात्र गाठोडं बांधलंच नव्हतं. "उद्या अप्पा न्यायला उभे असतील," ती म्हणाली. "त्यांना काय तोंड दाखवू? शेजारच्या अक्का म्हणतात, माझ्याबरोबर चल, इथूनच उतरू."

आज हिचीच ओटी भरायची, हिला हाताशी धरून ठेवायची, असं ठरवून मी तबक आणायला धावले.

परतले तेव्हा अंधारून आलं होतं. चटईवर ती खाली मान घालून बसली होती. मी हळद लावली, कुंकू लावलं. कपाळ गारठलेलं. केसांतलं पाणी माझ्या मनगटावर ओघळलं. मी मान वर केली, तर हेमावती पलीकडे, कठड्यावर एक पाय टाकून उभी!

ओरडले असते तर ती गेलीच असती. माझ्यापुढची बाईही तिच्याकडे हात लांबवून उठू लागली होती.

"बसा," मी हळूच म्हटलं. "ओटी भरायची राहिलीय. कुंकू लावल्यावर मध्येच उठू नये."

ती बसली. लहानपणी आईनं लावलेलं वळण, मेल्यावरही सुटलं नसावं.

"हेमा, तबक धर गं," मी म्हटलं. "ओटीला माझे दोन्ही हात लागतील. सवाष्णीला ताटकळत ठेवू नये."

तिचा पाय खाली आला. तबक तिनं धरलं.

मी ओंजळीनं त्या बाईच्या पदरात तांदूळ घातले. ओल्या पदरातून एकही दाणा डेकवर सांडला नाही. मग रीतीप्रमाणे त्या बाईनं मला उलट कुंकू लावलं. यजमानांचं नाव मनात धरून, डोळे मिटून मी ते लावून घेतलं. सवाष्णीच्या बोटाला नाही कसं म्हणणार?

आता निरोप. "या हं पुन्हा" अगदी ओठावर आलं होतं. मी ते गिळलं.

"जा, बाई," म्हटलं. "ओटी भरली. आता जा, पुन्हा येऊ नका."

उभ्या जन्मात कुठल्या सवाष्णीला असं बोलले नव्हते. तिनं पदर सावरला आणि कठडा ओलांडला. पाण्याचा आवाज काही आला नाही.

हेमावती हुंदके देऊ लागली. "अक्का, मला कुठे जा म्हणता?"

"तू ये. उद्या अप्पांना घेऊन आधी माझ्या घरी ये. त्यांच्याशी मी बोलेन."

"ऐकतील?"

"माझ्या घरी जेवतील, तर ऐकतीलही. चल, नागोजीची डाळ निवतेय."

तिनं तबक खाली ठेवलं आणि माझा पदर मुठीत धरला.