नाला उतरला का?

दोह्यात मी सहा हिवाळे काढले, पण त्यांना हिवाळा म्हणायला माझी जीभ रेटत नाही. जानेवारीत माझी सून नमिता मला स्वेटर घालायला लावून अस्पायर पार्कात फिरायला पाठवते. तिची काळजी मला कळते. पण मी थुमरी जोतच्या पायथ्याशी पत्र्याच्या खोलीत अकरा हिवाळे काढलेली बाई आहे. हिमाचलात खिंडीला जोत म्हणतात. आमचे हे तिथे रस्त्याच्या कामावर इंजिनिअर होते. दर वर्षी नोव्हेंबरात बर्फाखाली जाणारा तो रस्ता उन्हाळ्याच्या तोंडावर खोदून काढायचा, हे त्यांचं काम. रस्ता उघडला की पलीकडच्या खोऱ्यातल्या माणसांना सहा महिन्यांनी ताजी भाजी मिळायची, टपाल मिळायचं, डॉक्टर दिसायचा.

२०१८ सालच्या जानेवारीत, एका शुक्रवारी, मला पार्कात एक टोपी दिसली. करड्या लोकरीची गोल टोपी, पुढे हिरव्या मखमलीची पट्टी. तिच्याखाली पंचेचाळिशीचा एक माणूस बाकावर बसून संत्रं सोलत होता. मी सरळ जाऊन हिंदीत त्याचं गाव विचारलं. तो हिमाचल म्हणाला, समोरच्याला पुढचं काही कळणार नाही अशा बेताने. मी म्हटलं, गावाचं नाव सांग. तेव्हा म्हणाला, शिल्ले. शिल्ले हे जोतच्या पलीकडचं पहिलं गाव, चाळीस घरांचं. मी विचारलं, आंगरूप मेट अजून आहे का? संत्र्याची फोड त्याच्या हातातच राहिली. आंगरूप त्याचा बाप होता.

मेट म्हणजे मुकादम. बर्फ कापायच्या कामावर शिल्लेची सात-आठच माणसं असायची, रस्ता बंद व्हायच्या आधीच अलीकडे येऊन राहिलेली, आणि त्यांचा मेट आंगरूप. मी बर्फ बघायला शिकले ती त्याच्याकडून.

आंगरूपच्या या मुलाचं नाव नोरबू. राहायला इंडस्ट्रियल एरियात, कामाला एका स्टेडियमवर, डोझर चालवायला. दोह्यात तेव्हा निम्मी माणसं कुठल्या ना कुठल्या स्टेडियमवर होती, त्यामुळे तो माझ्या मुलाच्या, देवव्रतच्याच साइटवरचा निघाला याचं मला फारसं नवल वाटलं नाही. देवव्रत तिथे प्लॅनिंग बघायचा. कोण कधी रजेवर जाणार, हेही त्याच्याच तक्त्यात.

नोरबू तीन वर्षं घरी पोचला नव्हता. गेला नव्हता असं नाही. दोन वर्षांपूर्वी एप्रिलची रजा मिळाली, तो जोतच्या अलीकडच्या शेवटच्या वस्तीपर्यंत पोचला आणि तिथे छिमेच्या हॉटेलात सव्वीस दिवस बसून राहिला. समोर पांढरा डोंगर, डोंगरामागे घर. सव्विसाव्या दिवशी परत फिरला. आता आंगरूप एक्याऐंशीचा झाला होता, डोळे अधू झाले होते, आणि खोरं सोडून कुठे यायला तयार नव्हता. तिथे फोन चार दिवसांतून एकदा लागतो. तशा एका फोनवर तो मुलाला म्हणाला होता की यायचं तर या उन्हाळ्यात ये, पुढचं मी सांगत नाही.

आंगरूप उगाच मुदत घालणारा माणूस नव्हे. हे नोरबूला माहीत होतं आणि मलाही.

रजेची यादी एकतीस मार्चला बंद व्हायची होती. जून ते सप्टेंबर कुणालाच रजा नव्हती, मैदानाचं काम उरकायचं होतं. म्हणजे नोरबूला एक तर मे महिना, नाही तर थेट ऑक्टोबर. जोत मे महिन्यात केव्हा उघडेल यावर सगळं होतं.

देवव्रतने त्याच्या सवयीप्रमाणे इंटरनेटवरून दहा वर्षांच्या तारखा काढल्या आणि जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून मला दाखवल्या. सरासरी बावीस मे. त्यात त्या वर्षी जानेवारीत बर्फाने विक्रम केला होता, बातम्यांत तेच चाललं होतं. त्याचं म्हणणं सरळ होतं. नोरबूने ऑक्टोबर घ्यावा. तेव्हा रस्ता उघडा असतो, याची खात्री आहे.

मी म्हटलं, ऑक्टोबरात रस्ता उघडा असेल, पण आंगरूप असेल का? मग मी विचारलं, "नाला उतरला का, हे तुझ्या तक्त्यात कुठे आहे?"

बर्फ किती पडला हे सगळेच विचारतात. आंगरूप कधी विचारायचा नाही. डोंगरावरून बर्फाचा कडा ज्या घळीतून खाली घसरतो तिला तिकडे नाला म्हणतात. थुमरीच्या रस्त्यावर असे दोन नाले आहेत. रस्त्यावर वीस फूट बर्फ असला तरी मशीन तो कापतं. अडतं ते नाल्यापाशी, कारण वर लटकलेला बर्फ खाली आल्याशिवाय त्याच्याखाली माणूस घालता येत नाही. काही वर्षी त्यापायी तीन तीन आठवडे मशीनं नुसती उभी राहिलेली मी पाहिली आहेत. नाले आधीच उतरले असतील तर वरचा डोंगर रिकामा असतो आणि काम भराभर होतं.

आमच्या ह्यांनी एका वर्षी वरून घाई आली म्हणून नाला उतरायची वाट पाहिली नाही. तारीख देऊन बसले होते. नाला दुपारी आला. त्यात आंगरूपचा धाकटा भाऊ गेला. पुढच्या वर्षी आंगरूप तरीही कामावर आला, आणि आल्या आल्या ह्यांना आणि मला, दोघांना उभं करून त्याने शिकवायला सुरुवात केली. आम्ही दोघं शाळेतल्या पोरांसारखी ऐकत होतो. बर्फाने भरलेला डालड्याचा डबा चुलीवर वितळवायचा आणि किती बोटं पाणी निघतं ते बघायचं, हेही त्याचंच. पाणी जास्त तर बर्फ जड, कापायला वेळ. त्यानंतर हे निवृत्त होईपर्यंत कुठलीही तारीख माझ्या डब्याला विचारल्याशिवाय बाहेर गेली नाही.

दोह्यात बर्फ कुठून आणू? पण छिमे होती. मी तिथे होते तेव्हा ती परकर घालून हिंडणारी मुलगी होती, आता स्वतः हॉटेल चालवते आणि मला आचे म्हणते, म्हणजे थोरली बहीण. मी तिला दर रविवारी फोन लावायला लागले. ती डबा वितळवायची, त्यात पळी बुडवून फोटो पाठवायची. देवव्रतला वाटायचं आई गप्पा मारतेय. फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात तिने सांगितलं की पहाटे आवाज झाला आणि फळीवरचे कप खाली आले. दोन्ही नाले उतरले होते. मार्च कोरडा गेला. डब्यात पाणी चार बोटं, नेहमीपेक्षा एक बोट कमी. मार्चच्या अखेरीला मी तारीख काढली. आठ मे.

देवव्रत चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं.

"आई, ही एका माणसाची वर्षाची रजा आहे. तुझा अंदाज चुकला तर तो परत त्या हॉटेलात बसेल."

"तारीख चुकली की काय होतं ते मला तू सांगू नकोस," मी म्हटलं.

शुक्रवारी नोरबूला घरी जेवायला बोलावलं. देवव्रतने त्याला तक्ता दाखवला, सरासरी समजावली, अगदी प्रामाणिकपणे. नोरबूने सगळं ऐकून घेतलं, मग माझ्याकडे वळून एकच विचारलं.

"दोनों उतरे?"

"दोनों."

त्याने मे महिन्याच्या फॉर्मवर सही केली. देवव्रत इन्शाल्ला म्हणाला आणि फॉर्म बॅगेत टाकला.

एक मेला नोरबू गेला. आठ मेला मी सकाळपासून फोन जवळ ठेवून होते. संध्याकाळी माझी नात ईरा शाळेची बॅग टाकून लॅपटॉपपाशी गेली आणि म्हणाली, "आजी, स्टिल क्लोज्ड." नऊला पुन्हा तेच. देवव्रतने मला न विचारता माझ्या ताटात आणखी भात वाढला. मी माझ्या तारखेला चिकटून होते, पण सव्वीस दिवस हॉटेलात बसलेला तो माणूस डोळ्यांसमोरून हलत नव्हता.

दहा तारखेला छिमेचा फोन लागला. सहा आणि सात तारखेला वर पुन्हा बर्फ पडला होता. मी विचारलं, नोरबू कसा आहे? ती म्हणाली, तो इथे कुठे आहे? एकच संध्याकाळ बसला, मग उठून कामावरच्या साहेबाकडे गेला. म्हणाला, कतारमध्ये आठवड्याचे सहा दिवस डोझर चालवतो, इथे नुसता बसणार नाही, मशीन द्या. साहेबाने हाकलून दिलं. दुसऱ्या दिवशी त्यांच्या ऑपरेटरला ताप भरला, आणि साहेबानेच माणूस पाठवून त्याला बोलावून घेतलं. पाच दिवस तो वरच होता.

अकरा तारखेला दुपारी अनोळखी नंबर वाजला. आधी नुसती खरखर. मग एक म्हातारा आवाज जोरात म्हणाला, "बीबीजी, आठ बोली थी. ग्यारह हुई."

चोवीस वर्षांनी ऐकलेला आवाज, आणि पहिलं वाक्य हे. मी त्याला सांगितलं की वर नवीन बर्फ पडला, त्याला मी काय करू. तो म्हणाला, मार्च कोरडा गेला की मेमध्ये वर पडतोच, हे मी तुला शिकवलं होतं, तू विसरलीस. मी म्हटलं, तू हे कधीच शिकवलं नाहीस. तो म्हणाला, शिकवलं होतं, साहेब साक्षीला होते. मी म्हटलं, साहेब आता साक्षीला येणार नाहीत, तेव्हा हे भांडण मिटायचं नाही. तो हसला, खोकला, आणि मग आवाज खाली आणून म्हणाला की नोरबू समोर बसून जेवतोय. अंधुक दिसतो, पण दिसतो. सोळा दिवस आहे म्हणतो. आंगरूपने दिवस आधीच मोजून ठेवले होते.

नोरबूने शेवटच्या चढावर डोझर उभा केला होता आणि पलीकडच्या बाजूने काम करत आलेली तुकडी समोर दिसल्यावर उतरून चालत घरी गेला होता.

वेबसाइटवर रस्ता उघडला तो एकोणीस तारखेला. त्या रात्री जेवण झाल्यावर देवव्रतने लॅपटॉप उघडला. २०१८ पुढचा रकाना रिकामा होता. त्याने एकोणीस टाईप केले.

"अकरा लिही," मी म्हटलं.

"आई, ऑफिशियल तारीख एकोणीस आहे. आणि तुझी तर आठ होती."

"माझी चुकली. तू अकरा लिही."

त्याने एकोणीस खोडून अकरा लिहिले आणि पुढे कंसात हळूच एकोणीस घातले. तो कंस मी त्याला काढायला लावला.