हळदीची गाडी

दादासोनं पहिला ट्रक घेतला तेव्हा त्याला पहिली खेप मिळवून दिली ती अवधूतनं. अवधूतचं सांगलीत मार्केट यार्डाजवळ ट्रान्सपोर्टचं छोटं ऑफिस होतं. व्यापाऱ्यांचा माल आणि गाडीवाल्यांच्या गाड्या यांची गाठ घालून देणं आणि त्यावर कमिशन घेणं, हा त्याचा धंदा. दादासो कुंडलचा. पुढं कित्येक वर्षं अवधूतचा फोन आला की दादासो भाडं न विचारता गाडी लावायचा.

बिघडलं ते हॉल्टिंगवरनं. एकदा अहमदाबादला गोदामात जागा नाही म्हणून चार दिवस गाडी खालीच केली नाही. दादासो ट्रकखाली चटई टाकून पडून राहिला. परत आल्यावर त्यानं थांबल्याचे पैसे मागितले.

"व्यापारी देत नाही म्हणतोय रे," अवधूत म्हणाला. "जरा धीर धर, पुढच्या खेपेत बघू."

पुढच्या दोन-तीन खेपा झाल्या, पैसे काही आले नाहीत. पंपावर जयराज नावाचा दुसरा गाडीवाला त्याला म्हणाला, "गड्या, व्यापाऱ्यानं कवाच दिल्यात. मधल्यानं खाल्लं असणार." दादासोला ते पटलं नव्हतं, पण मनातून जाईना.

त्यानंतर त्याच व्यापाऱ्याची हळदीची खेप आली. न्हावाशेवा बंदरावर पोचवायची, परदेशी जाणारा माल. दादासोनं सांगलीत गाडी भरली, कुंडलला आणून दारात उभी केली आणि फोन लावला.

"आधी माझं हॉल्टिंग द्या, मग चाक फिरंल."

"दादासो, जहाजाची वेळ आहे. आत्ता हा विषय नको."

"मग कवा? माझी गरज असली की तुमाला विषय नको असतोय."

त्याची बायको राणी दारातनं म्हणाली, "आवं, माल दुसऱ्याचा हाय. पोचवून या, मग भांडा." दादासोनं ऐकलं नाही. पोचवल्यावर कोण विचारतंय, असं त्याला वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी अवधूत मोटारसायकलवरून आला. घाम पुसत त्यानं खिशातून नोटा काढल्या आणि कट्ट्यावर ठेवल्या.

"मोजून घ्या," तो म्हणाला.

आजवर त्यानं दादासोला कधी अहो-जाहो केलं नव्हतं. दादासोच्या ते लक्षात आलं, पण त्यानं नोटा उचलल्या. लगेच निघाला, वाटेत जेवायलासुद्धा थांबला नाही. तरी जहाज गेलं होतं.

त्यानंतर अवधूतचा फोन आला नाही. मग यार्डात दादासोला व्यापाऱ्याच्या दिवाणजीकडनं कळलं, की व्यापाऱ्यानं हॉल्टिंग कधी दिलंच नव्हतं. अवधूतनं ते पैसे स्वतःच्या घरातनं आणले होते. आणि जहाज चुकल्यावर व्यापाऱ्यानं त्याचं काम कायमचं बंद केलं होतं. ऑफिसातला मोठा माल त्या एकाच व्यापाऱ्याचा होता.

दादासो तसाच ऑफिसात गेला. अवधूत एकटाच बसला होता.

"चुकलं माझं," दादासो म्हणाला. "मला वाटलं तुमीच खाल्लं. इचारायचं हुतं मी."

अवधूत म्हणाला, "पैसे तुमच्या हक्काचेच होते. मी व्यापाऱ्याशी भांडायला पाहिजे होतं. गिऱ्हाईक जाईल म्हणून भ्यालो. शेवटी ते गेलंच."

"हे घ्या माघारी." दादासोनं पैसे पुढं केले.

"नको. चार दिवस थांबला होतात ना तुम्ही?"

"मग आता पयल्यासारखं..."

"गाडी भरायला माझ्याकडं मालच नाही, दादासो. ऑफिस सोडतोय. मेढ्याला मेव्हण्याचं दुकान आहे, तिकडं जाईन म्हणतो."

त्यानं कागदावर साताऱ्यातल्या एका एजंटचा नंबर लिहून दिला. माणूस बरा आहे, पण हॉल्टिंगचं भरायच्या आधीच ठरवून घ्या, असंही बजावलं.

दादासोनं त्या एजंटकडं काम धरलं. गाडी थांबली की पैसे मिळतात, वेळेवर मिळतात. भाड्यापलीकडं दोघांत बोलणं होत नाही. मेढ्याच्या बाजूची खेप आली, तर दादासो ती दुसऱ्या कुणाला तरी देतो.