एल्माच्या पायांतली दारू

अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये त्या शनिवारी मुंगीला शिरायला जागा नव्हती. समोर प्लास्टिकचा टब, टबात कोमट पाणी आणि पाण्यात एल्मा कांगासचे पाय. प्रार्थनेने दारू सोडवणाऱ्या ब्रदर वॉनने मूठभर 'मंतरलेलं' मीठ टाकलं, तारा जोडलेलं डबीएवढं यंत्र आत सोडलं आणि एल्माच्या गुडघ्यांवरून थेट जमिनीपर्यंत मोठा टॉवेल पांघरला. मग डोळे मिटून तो गरजला,

"नीघ गं व्हिस्की! नीघ गं वोडका! या बाईच्या रक्तातून, हाडांतून, टाचांतून बाहेर नीघ!"

बराच वेळ हा धावा चालला. मग त्याने टॉवेल झटक्यात ओढला. पाणी गढूळ तपकिरी झालं होतं, वर मळकट फेस.

"अगं बाई गं!" मागून कुणीतरी किंचाळलं.

"वीस वर्षांची मुरलेली आहे!" वॉन म्हणाला. "एवढी जुनी बारमध्येसुद्धा मिळायची नाही!"

लोक हसले, टाळ्या पडल्या. एल्माचा नवरा रे चक्क रडत होता.

एल्मा पाण्याकडे बघत राहिली. दिवसभर शाळेच्या स्वयंपाकघरात राबायचं, घरी आल्यावर कपडे धुण्याच्या मशीनमागची बाटली काढायची आणि सकाळी हातांची थरथर लपवायची. या सगळ्याला ती इतकी विटली होती, की 'संपलं' एवढा एक शब्द कुणीतरी म्हणावा, बस्स. वॉनने तो शब्द उच्चारला.

दारू सोडणाऱ्यांचा गट शोधण्यातच तिचा हिवाळा सरला होता. दवाखान्यातल्या नर्सने दिलेला पत्ता जुना निघाला. दुसरा गट बर्फातून दोन तासांवर. शेवटी गावच्या वाचनालयाच्या तळघरात मंगळवारची बैठक सापडली. ती भरवायची ट्रूडी लेहटो. शाळेत रसायनशास्त्र शिकवायची, एके काळी स्वतः बुडेपर्यंत प्यायलेली. एल्मा दोनदा गेली, तोंड न उघडता बसली, पाणचट कॉफी पिऊन परतली.

"त्या बैठका आता बंद बरं का, ताई," वॉनने बजावलं. "रोज उठून 'मी दारुडी, मी दारुडी' म्हणाल, तर गेलेली परत येईल!"

तिला तेच हवं होतं. रेला तर त्याहून जास्त.

आठवडाही उलटला नाही, तोच एल्मा मशीनमागे हात घालून बसली होती. रेने वॉनला फोन लावला. "गाळ खोल आहे आणि श्रद्धा उथळ," उत्तर आलं. "पुन्हा बसवा." म्हणजे दोष पुन्हा तिचाच.

मंगळवारी ती तळघरात गेली आणि पहिल्यांदा बोलली. सगळं सांगितलं. कुणी हसलं नाही. ट्रूडीने फक्त विचारलं,

"पाण्यात मीठ टाकतो का गं तो?"

"टाकतो."

"मग मी काही सांगत नाही. माझं खरं वाटणार नाही तुला. शनिवारी जा, टॉवेलखाली पाय टबात घालू नकोस, बाजूला ठेव. मी मागे उभी राहते."

शनिवारी पुन्हा तीच गर्दी. एल्मा बसली. या वेळी टॉवेल तिने आधीच पांघरून घेतला. वॉनने डोळे मिटूनच त्याखाली मीठ टाकलं, यंत्र सोडलं. वॉनने व्हिस्कीला नावानिशी शिव्या घातल्या आणि टॉवेल ओढला.

"पाहा! उरलीसुरलीसुद्धा निघाली!"

पाणी तपकिरी होतं. एल्माचे पाय टबाबाहेर, जमिनीवर होते.

"ब्रदर," ती दमलेल्या आवाजात म्हणाली, "मी अजून मोजेसुद्धा काढलेले नाहीत."

मग एक म्हातारा खो खो हसत सुटला, "अरे, मग टबच प्यायला असेल!"

"अविश्वासू माणसं जवळ असली की शक्ती भरकटते—" वॉन सुरू झाला. पण ट्रूडी पुढे आली होती. तिने यंत्र उचलून सगळ्यांना दाखवलं. आत लोखंडाच्या दोन पट्ट्या, खाल्लेल्या, खडबडीत.

"खारं पाणी, लोखंड आणि वीज. गंज आहे हा. रस्त्यावरच्या मिठाने आपल्या गाड्यांचे पत्रे सडतात ना, तोच. वीज लावली की झटपट चढतो. पाय कुणाचेही घाला, नाहीतर घालूच नका."

काहीजण उठून गेले. काही मात्र रांगेतच राहिले. वॉनने त्यांच्यासाठी नवं पाणी मागवलं.

बाहेर ट्रकपाशी रे एल्मावरच भडकला. "काय मिळवलंस? निदान आशा तरी होती!"

"मलाही होती, रे. पुन्हा प्यायले तेव्हा वाटलं, देवालासुद्धा मी नकोय. तुझ्या आशेने माझं हे केलं."

रेने तिच्यासाठी ट्रकचं दार उघडलं. त्याने विचारलं, "मग आता?"

"आधी डॉक्टर. ट्रूडी म्हणते, एकदम सोडली तर माझ्यासारखीला झटके येतात. आणि मंगळवार."

"किती मंगळवार?"

"माहीत नाही. पुष्कळ."

लोकहो, प्यायलेली दारू अंगात वर्षानुवर्षं साठून राहत नाही. यकृत एक-दोन दिवसांत तिचा निकाल लावतं. मागे राहते ती ओढ, आणि ओढ टाचांतून गळत नाही. 'एका बैठकीत बरं करतो' म्हणणारा भेटला, तर एवढंच विचारा, 'पाय न घालता दाखवता का?' आणि जिथे कुणी 'संपलं' म्हणत नाही, 'पुढच्या मंगळवारी ये' एवढंच म्हणतं, ते तळघर शोधा. सापडायला वेळ लागतो. तरी शोधा.