खाली तोंड केलेला बाण

आजोबांनी लॅपटॉप आडवा धरून त्याच्या कडा पुन्हा एकदा चाचपल्या. वाय-फायचं वेगळं बटण कुठेच नव्हतं. खांद्याने कानाशी दाबलेल्या साध्या फोनवर दुरुस्तीवाला थांबला होता.

"राउटरचे दिवे बघितलेत?"

"सगळे लागलेत. राउटर बंद करून चालू केला, लॅपटॉपही केला. आता मलाच बंद करून चालू करायचं राहिलंय."

दुरुस्तीवाला हसला नाही. दिवसभर लोकांना हेच सांगून तोही दमला असावा.

"दुपारपर्यंत नीट होतं म्हणता? मग आतला वाय-फाय पकडणारा अडॅप्टर गेला असेल. उद्या दुकानात घेऊन या."

"उद्या नको हो, आजच हवंय."

आजच हवं होतं, कारण मुलीचा दुपारी फोन आला होता. ती नोकरीसाठी दूर राहायची आणि रोज संध्याकाळी लेकीला पडद्यावर भेटायची. "अप्पा, रजा मिळत नाहीये. सुट्टीत येणं होणार नाही. पण तुम्ही तिला काही बोलू नका, मीच सांगेन. तिचं तोंड बघून सांगायचंय मला."

नात पलंगाच्या टोकाला पुस्तक उघडून बसली होती. बराच वेळ पान काही उलटलं नव्हतं.

"ठमाबाई, जरा बघतेस का? मला शिकवलंस ना तूच?"

"बिघडलंय ते," ती पुस्तकातूनच म्हणाली. "राहू द्या आज."

दुरुस्तीवाल्याने कंटाळत एकेक पायरी सांगितली. आजोबा बोटाने हळूहळू लॅपटॉपमधल्या उपकरणांच्या यादीपर्यंत पोचले.

"अडॅप्टरच्या नावापुढे पिवळं चिन्ह आहे?"

"नाही. बारीकसा बाण आहे. खाली तोंड केलेला."

"त्यावर दोनदा दाबा. काय लिहिलंय ते वाचा."

पडद्यावरची भाषा आजोबांनी हौसेने मराठी करून घेतली होती. चष्मा सारखा करून त्यांनी वाचलं, "हे उपकरण अक्षम केले..."

ते थांबले. काच फुटली, शाई सांडली, वही हरवली. ते शिकवायचे त्या शाळेत सगळं नेहमी आपोआप व्हायचं. फुटली की फोडली, एवढंच ते विचारायचे, आणि समोरचं मूल पायाच्या अंगठ्याने फरशी उकरू लागायचं. इथे तर यंत्रच म्हणत होतं, बंद पडले नाही, केले.

दुपारी मुलीचा फोन आला तेव्हा मधलं दार उघडं होतं. आणि आपल्याला कमी ऐकू येतं म्हणून फोनचा आवाज कायम मोठा.

"वाचा की, काका."

"कळलं मला काय झालंय ते. त्रास दिला तुम्हाला."

त्यांनी फोन ठेवला. नात आता त्यांच्याकडेच बघत होती. आजोबांनी कर्सर 'सक्षम करा' या अक्षरांवर नेला. एकदा दाबलं की झालं असतं. त्यांनी बोट उचललं आणि डोळे चोळत बसले.

फोन वाजला.

"अप्पा, मी कधीची ऑनलाइन आहे. तुमच्याकडे नेट येत नाहीये का?"

"येत नाही असं नाही," आजोबा म्हणाले. "आज बंद ठेवलंय."

"ठेवलंय? कोणी?"

"आम्ही दोघांनी."

लहानपणी मुलगीही याच माणसाच्या हाताखाली शिकली होती. पलीकडून तिने नाक ओढल्याचं ऐकू आलं. "मग आता मी कसं सांगू, अप्पा?"

नात पलंगावरून उतरली. त्यांच्या हातातून तिने फोन घेतला, दोन्ही हातांनी कानाशी धरला आणि पाठ फिरवून भिंतीकडे तोंड केलं.

"आई, तू येत नाहीयेस ते कळलंय मला," ती म्हणाली. "दुसरं काहीतरी सांग."