सरांची फाईल

विश्रामबागेतल्या त्या कंपनीत एक नियम होता, आणि तो कुणी कुणाला कधी सांगितला नव्हता: सरांच्या फाईलला हात लावायचा नाही. मधुकर सरांनी इंजिनिअरिंग कॉलेजातली नोकरी सोडून, आपल्याच विद्यार्थ्यांना हाताशी धरून कंपनी काढली, तेव्हा स्टोरेज ड्रायव्हरची पहिली फाईल त्यांनी स्वतः लिहिली होती. ड्रायव्हर म्हणजे संगणक आणि डिस्क यांच्यातला मध्यस्थ. काय कुठं ठेवायचं आणि कुठून काढून द्यायचं, हे तो बघतो. पुढे त्या फाईलवर मजल्यांवर मजले चढले, पण तळमजल्याला कुणी खिळासुद्धा ठोकला नाही. काही बदलायचं झालं की मंडळी आजूबाजूनं वाट काढायची. गुरुपौर्णिमेला ज्याच्या पाया पडायचं, त्याच्या चुका कशा काढायच्या? आणि शोधायचीच नाही म्हटल्यावर चूक सापडणार तरी कशी!

श्रद्धा या गोतावळ्यातली सगळ्यात जुनी. वाईहून शिकायला आली तेव्हा तिला होस्टेल मिळालं नव्हतं. सरांनी घरातली वरची खोली दिली, त्यांच्या पत्नी शरयूकाकूंनी पदवी हातात पडेपर्यंत पोटच्या पोरीसारखं जेवू घातलं. आता ती ड्रायव्हरच्या टीमची प्रमुख होती, पण सरांच्या केबिनमध्ये अजूनही खुर्चीच्या कडेवरच टेकायची.

मिरजेच्या एका मोठ्या हॉस्पिटलात स्कॅनची सगळी चित्रं या कंपनीच्या यंत्रावर साठवली जात. एका सकाळी ते यंत्र गप्प झालं. बंद पडलं नाही. दिवे चालू, पंखे चालू, पण कुणालाच उत्तर देईना. अपघातात डोक्याला मार लागलेल्या एका माणसाचं स्कॅन डॉक्टरांना दिसेना, ते पुन्हा काढावं लागलं आणि ऑपरेशन खोळंबलं. माणूस वाचला, हे कंपनीचं नशीब. यंत्र बंद करून चालू केलं, तर त्याच आठवड्यात पुन्हा तेच.

ड्रायव्हरमधला शेवटचा बदल पृथ्वीराजचा होता. हा मलकापूरचा. वडील आकाराम फौजेतून सुभेदार होऊन परतलेले, घरात नोकरीला लागलेला पहिला इंजिनिअर हाच, आणि नोकरीत अजून कायम व्हायचा होता. डिस्कवरचा डेटा शाबूत आहे की नाही हे सतत तपासत राहणारा नवा भाग त्यानं लिहिला होता. तो बसवला आणि यंत्र अडकायला लागलं, एवढा पुरावा सगळ्यांना पुरला. त्याला घरी बसायला सांगितलं, आणि त्याची चूक काय ते शोधून आणायला श्रद्धाला मिरजेला धाडलं. चूक कुणाची, हे शोधायला तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

यंत्र पुन्हा अडकलं तेव्हा ती समोरच बसली होती. तिनं त्याच्या मेमरीची प्रत काढून घेतली आणि कोण कुठं थांबलंय ते बघितलं. ड्रायव्हरमध्ये दोन लॉक होती, एक कामांच्या रांगेचं आणि एक डिस्कचं. दोन कामांनी एकाच वेळी एकाच गोष्टीत हात घालू नये म्हणून ही कुलपं. पृथ्वीराजच्या कोडनं रांगेचं कुलूप घेतलं होतं आणि ते डिस्कच्या कुलपासाठी थांबलं होतं. डिस्कचं कुलूप दुसऱ्या एका कामाकडे होतं, आणि ते काम रांगेच्या कुलपासाठी थांबलं होतं. कारखान्याच्या अरुंद रस्त्यावर उसाच्या दोन ट्रॉल्या समोरासमोर याव्यात आणि कुणालाच मागं जाता येऊ नये, तसला प्रकार. यालाच डेडलॉक म्हणतात.

तो टाळायला एकच नियम असतो. सगळ्यांनी कुलपं एकाच क्रमानं घ्यायची, आधी रांगेचं, मग डिस्कचं. श्रद्धा हे वर्गात शिकली होती. शिकवणारे मधुकर सर होते. तिनं तो क्रम पाळला होता, टीमनं पाळला होता, पृथ्वीराजनं तर अक्षरशः पाळला होता. उलटा क्रम अख्ख्या ड्रायव्हरमध्ये एकाच ठिकाणी होता. डिस्कनं वेळेत उत्तर दिलं नाही तर तिला सावरून घेणाऱ्या कामात, सरांच्या फाईलमध्ये. ते काम क्वचितच चालायचं, म्हणून इतकी वर्षं टक्कर झाली नव्हती. पृथ्वीराजचा भाग अखंड चालू असायचा, त्यामुळं ती झाली. आधी श्रद्धाला बरं वाटलं. सुटला बिचारा, म्हणाली. मग तिनं फाईलचं नाव पुन्हा वाचलं.

सरांच्या केबिनमध्ये निमंत्रणपत्रिकांचे गठ्ठे होते. पंचाहत्तरी आली होती. विद्यार्थ्यांनी सत्कार समिती नेमली होती, गौरव अंक छापायला गेला होता. श्रद्धानं सगळं समजावून सांगितलं. सरांनी चष्मा पुसला, कागद दोनदा वाचला. त्यांना कळायला वेळ लागला नाही.

"एक ठिकाण बदललं काय आणि बाकीची सगळी बदलली काय," ते म्हणाले, "क्रम एकच झाला म्हणजे झालं ना?"

"हो, सर."

"मग तुला योग्य वाटेल तसं कर." आणि जेवलीस का, असंही विचारलं.

हुकूम केला असता तर तिला निदान राग तरी धरता आला असता.

सरांच्या फाईलमध्ये दोन ओळी खालीवर करायच्या होत्या, चहा निवायच्या आत होणारं काम. त्यापायी श्रद्धानं आठवडाभर मान मोडली. जिथं जिथं आधी रांग आणि मग डिस्क होती, तिथं तिथं तिनं आधी डिस्क आणि मग रांग केलं. स्वतःचं कोड उलटं केलं, टीमचं केलं, पृथ्वीराजचं केलं. यंत्र पुन्हा अडकलं नाही. नोंदीत तिनं लिहिलं, कुलपांचा क्रम चुकला होता, तो दुरुस्त केला. कुणाचा चुकला हे लिहायची गरज नव्हती. बदललेल्या फाईलींमध्ये पृथ्वीराजची फाईल होती, सरांची नव्हती. मॅनेजरपासून शिपायापर्यंत जो तो काय समजायचं ते समजला.

नोकरी संपल्याचं पत्र पृथ्वीराजला गेलं, त्याच दुपारी त्याचा फोन आला. पत्र यायच्या आधीच त्यानं घरून तिचा बदल उघडून वाचला होता.

"ताई, माझं बरोबर हुतं न्हवं?"

तिनं दार लोटून घेतलं. "हो," ती म्हणाली.

"मग एवढं एकदा सगळ्यांम्होरं सांगा. नोकरीचं ऱ्हाऊ द्या. आबा इचारत्यात, काय चुकलास रं? मला सांगाय येत न्हाई."

सत्कार तेवढा होऊ दे, मग बोलते, असं तिनं सांगितलं. तो बरं म्हणाला. सत्कार झाल्यावरही आपण बोलणार नाही, हे तिला त्याच क्षणी ठाऊक होतं आणि त्याची तिला चीड आली. चीड येऊन करणार काय? तिनं कामाला लागून ती गिळली.

सत्काराला हॉल भरला होता. शाल, श्रीफळ, मानपत्र झालं आणि पाया पडायला रांग लागली. श्रद्धा सरांच्या शेजारी भिंतीला लागून उभी राहून हारतुरे गोळा करत होती. रांगेत पृथ्वीराज दिसला. बरोबर कडक इस्त्रीतले, ताठ चालणारे आकाराम. तो ताठ माणूस सरांसमोर आला आणि वाकला.

"सर, पोराकडनं चूक झाली," आकाराम हात जोडून म्हणाले. "दवाखान्यातलं समदं कळलं मला. एवढं पोटात घाला."

सरांनी क्षणभर श्रद्धाकडे पाहिलं. श्रद्धानं हातातल्या हारांकडे पाहिलं.

"असू दे, असू दे," सर म्हणाले. "होतात चुका. शिकेल."

आकाराम बाजूला झाले. पृथ्वीराज सरांच्या पाया पडला, उठला, आणि तिच्यासमोर येऊन उभा राहिला. तिला वाटलं, आता हा बोलणार. बोलावंच त्यानं, सगळ्यांदेखत. पण तो खाली वाकला.

"तुमी बी माझ्या गुरूच की, ताई," तो तिच्यापुरतं म्हणाला. "लय शिकलो तुमच्याकडनं."

पाय मागं घ्यायला तिला जागा नव्हती. तिचा हात सवयीनं त्याच्या डोक्यावर गेला आणि तोंडातून सवयीनंच निघालं, "यशस्वी हो."