सातव्या मजल्यावरचा आडवा बांबू

आज सकाळपासून वारा सुटलाय. पाऊस नाही, ऊनही धड नाही, नुसता धुळीचा वारा. मधेच थांबतो, आता गेला असं वाटतं, आणि कोपऱ्यावरून वळून पुन्हा अंगावर येतो. आभाळ सिमेंटच्या पाण्यासारखं करडं झालंय. अशा दिवशी माझ्यासारख्याने गप्प राहावं. पण भीती वाटली की माणूस बोलत सुटतो ना, तसंच आम्हा बांबूंचंही आहे.

होय, मी परांचीतला आडवा बांबू बोलतोय. इमारत बांधताना तिच्याभोवती बांबूंचा सांगाडा उभा करतात, ती परांची. ही इमारत अर्ध्या गिलाव्यावर थांबलेली आहे आणि मी सातव्या मजल्यावर, रस्त्याच्या बाजूला. माझं एक टोक घट्ट आहे. दुसऱ्या टोकाची गाठ कालपासून सैल होतेय. आणि बरोबर माझ्याखाली चहावाली मावशी स्टोव्ह मांडून बसली आहे.

पडायची भीती मला आहेच, खोटं कशाला बोलू? पण तिच्या डोक्यात पडायची भीती त्याहून मोठी.

माझा जन्म बेटातला. बांबूच्या बेटात एकटं कुणी नसतं. मुळं खाली एकमेकांत गुंतलेली, वारा आला की सगळ्यांनी मिळून वाकायचं, गेला की मिळून सरळ व्हायचं. मग एक दिवस कोयता आला. ट्रकमधून इतकं लांब आणलं की झाडं कुठे संपली आणि घरं कुठे सुरू झाली, कळलंच नाही. वखारीत उतरवताना एक हमाल दुसऱ्याला म्हणाला, "हेही आपल्यासारखेच. इथला एकही नाही."

पहिल्या इमारतीला मी उभा होतो. उभ्याला मान असतो. पुढे खालचं टोक कुजलं, करवतीने कापलं, मी आखूड झालो आणि आडवा झालो. यानंतर कुणाच्या तरी गॅलरीत कपडे वाळत घालायला, आणि मग चूल. याला काही बढती म्हणत नाहीत, पण माझी तक्रार नाही. एकच गोष्ट. सगळा जन्म उंचावर गेला, तरी उंचीची सवय काही झाली नाही.

ती भीती घालवायचा तो गाठ्या. खरं नाव कुणी घेत नसे. गाठी बांधायचा म्हणून गाठ्या. आमच्या परांचीला खिळा नसतो, सगळा भार काथ्याच्या दोरीवर. दोरी वाळली, वारा लागला, की ढिली पडते. म्हणून गाठ्या सगळ्यांच्या आधी वर यायचा, एकेक गाठ ओढून बघायचा आणि मला थोपटून विचारायचा, "काय म्हातारबा, रात्री घाबरला नाहीत ना?"

घाबरलेलो असायचो. पण त्याने विचारलं की दिवस सुरू करायला बरं वाटायचं.

गाठ्या आणि त्याचा मेहुणा या भागात आले तेव्हा बहुतेक माळरानच होतं. त्यांनी पत्र्याची खोली ठोकली. माणूस आला की भूक येते, म्हणून मागून मावशी आली. मग न्हावी खुर्ची डोक्यावर घेऊन आला. भाजीवाला आला, चपला शिवणारा आला. त्यांची पोरं शाळेत गेली तर शाळेला दोन वर्ग वाढवावे लागले आणि दोन बाईंना नोकरी लागली. इमारत पुरी झाली की आम्हाला उतरवून पुढच्या मोकळ्या जागेवर न्यायचे. तिथून मागे पाहिलं तर गल्ली झालेली असायची. दिवे, दुकानं, भांडणं, सगळं. कुणी आखून दिलेली नव्हती हो ती. माणसं आली आणि झाली.

सातव्या मजल्यावर मला शेजारी मिळाला. शेजारच्या जुन्या इमारतीची खिडकी माझ्यापासून दोन हातांवर, आणि खिडकीत एक आजोबा. बिचारे दुपारी झोपायला बघायचे.

"अरे ए! किती ठोकाठोकी? माणसाने डोळा मिटायचा की नाही?"

"मिटा ना आजोबा. आम्ही काय डोळ्यावर ठोकतोय?" गाठ्या म्हणायचा.

"कुठून कुठून येतात आणि आमच्या उरावर बसतात!"

"उरावर कुठे, बांबूवर बसलोय. तुमचा पंखा जरा इकडे वळवता का?"

आत त्यांची सून हसायची. ती या इमारतीवरच्या गवंड्यांना डबे द्यायची. "बाबा, हळू बोला," ती म्हणायची, "गिऱ्हाईक आहे ते."

परवा मात्र हसणं संपलं. दिवस मावळायच्या आधी काठ्या घेऊन माणसं आली. मारलं कुणाला नाही. पत्र्यांवर काठ्या आपटत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेली आणि ओरडली, "बाहेरच्यांनी निघायचं! रविवारच्या आत!" तो आवाज पुरेसा होता. पोरं रडायचीसुद्धा थांबली. वर माझा सांधा न् सांधा थरथरत होता. मलाही बाहेरूनच आणलंय, हे कुणाला आठवलं तर?

काल सकाळी ट्रक आला. तशा गडबडीतही गाठ्या वर चढला. खालून गाठी आवळत आवळत सहाव्या मजल्यापर्यंत पोचला. मी वाट बघत होतो. इतक्यात मेहुणा ओरडला, "अरे चल! ट्रक थांबत नाही! कुणासाठी आवळतोस?" गाठ्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. आणि उतरला.

मग जी शांतता झाली, ती काठ्यांपेक्षा वाईट. न्हाव्याची खुर्ची उलटी पडली आहे. काठी घेऊन आलेल्यांत गल्लीतला हार्डवेअरवालाही होता. तो काल दिवसभर दुकानाच्या दारात उभा राहून गिऱ्हाईकाची वाट बघत होता. सूनबाईंनी सवयीने मोठं पातेलं चढवलं आणि तसंच उतरवलं. ट्रकमध्ये एकटी मावशी चढली नाही. "नवरा या मातीत गेला," म्हणाली, "मी कुणाकडे जाऊ?"

तर सांगत काय होतो...

थांबा. गाठ सुटली.

देवा! टोक निसटलं, मी गरकन फिरलो आणि धाडकन शेजारच्या खिडकीत शिरलो. तेवढ्यानेच वाचलो. नुसत्या कडेवर अडकलोय, वारा मागे ओढतोय.

"अगं, बांबू आला घरात!" आजोबा ओरडले. त्यांनी दोन्ही हातांनी मला धरलं.

"बाबा, सोडा! तुम्हीच जाल खाली!"

"सोडतो, आणि खाली ती बाई मरते! पळ, तिला उठव आधी!"

सूनबाई धावल्या. आजोबांनी वरून हाका मारल्या, पण आजचा वारा उलटा आहे. खालचं बोलणं वर आणतो, वरचं खाली पोचू देत नाही. मला मात्र सगळं ऐकू येत होतं.

"मावशी, उठा इथून! लवकर!"

"नाही उठत."

"अहो, उठा म्हणतेय ना! जा पलीकडे!"

"परवापासून जो येतो तो हेच म्हणतो. ऊठ. जा. आता तू पण? तुझा पोरगा लहानपणी याच मांडीवर झोपायचा गं."

"मावशी, वर बघा!"

"वर बघून काय करू? वरचा तरी कुठे बघतो?"

वर आजोबांनी कपडे वाळत घालायच्या दोरीने मला खिडकीच्या कडीला बांधून पाहिलं. बुटाच्या नाडीची गाठ ती. एक झोत आला आणि सुटली. त्यांनी मला पुन्हा कवटाळलं. पलीकडचं माझं घट्ट टोकसुद्धा आता कुरकुरायला लागलं.

आणि खाली सूनबाईंनी काय करावं? त्या मावशीशेजारी मातीत फतकल मारून बसल्या. थेट माझ्याखाली.

"तुम्ही नाही उठत ना? मग मीही नाही उठत."

आजोबांनी मला आणखी घट्ट छातीशी ओढलं. दोघी! आता खाली दोघी!

मावशीने सूनबाईंकडे पाहिलं. त्यांचे दात वाजत होते. हाकलायला आलेलं माणूस असं कापत शेजारी बसत नाही, हे तिला उमजलं असावं. तिने पहिल्यांदा मान वर केली. मी दिसलो. मग म्हातारीने काय केलं म्हणता! सूनबाईंचा दंड पकडला आणि फरफटत रस्त्यापलीकडे नेलं. चहाचं भांडं लवंडलं, स्टोव्ह तिथेच राहिला. पलीकडे जाऊन दोघी एकमेकींना धरून वर बघत राहिल्या.

सुटलो, असं म्हणणार होतो. पण रस्ता चालू आहे. थोड्या वेळात शाळा सुटेल, पोरं याच बाजूने घरी जातात. आजोबांनी वॉचमनला खुणा केल्या. त्याने ठेकेदाराला फोन लावला आणि आमच्याकडे बघून रिकामे हात हलवले. खालून त्याचा आवाज आला, "चढणारं माणूसच उरलं नाही म्हणतात!"

बाबांनो, तुमच्यापैकी कुणाला वाटेत गाठ्या भेटला तर एवढा निरोप द्या. म्हणावं, तू आवळलेल्या सहाही मजल्यांच्या गाठी शाबूत आहेत. सातव्यावरचा म्हातारबा घाबरलाय.

वारा वाढतोय. आजोबांच्या बोटांची कांडी पांढरी पडली आहेत. त्यांनी गाल माझ्यावर टेकलाय आणि ते हळू आवाजात माझ्याशीच बोलतायत.

"सोडत नाही रे तुला. पण या हातांत किती दम असणार? तुझी ती माणसं कुठल्या रस्त्याने गेली, ते तुला वरून दिसलं असेल ना? सांग मला. मी कुणाला तरी पाठवतो त्यांच्या मागे."